शस्त्रक्रियेसाठी लोकवर्गणी : हाक कोणाची ऐकू येते?

‘मदतीचे आवाहन’ या मथळ्याची छोटी चौकट मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाही. रुग्णाचे नाव, आजार, इस्पितळ, लागणारी रक्कम आणि बँकेतील खात्याचा क्रमांक एवढाच तिचा मजकूर असे. गावातील मंडळाने नाटकाचा प्रयोग लावून त्याचे उत्पन्न एखाद्याच्या शस्त्रक्रियेला द्यावे, तियात्राचा खास प्रयोग व्हावा, देवळाच्या सभामंडपात पावतीपुस्तक फिरावे, हेही गोव्याच्या अंगवळणी पडलेले आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या जुन्या रीतीला नवे रूप मिळाले. रुग्णाचे छायाचित्र, आजाराची कहाणी आणि मदतीची कळ असलेला दुवा एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जातो आणि ज्यांनी त्या रुग्णाला कधी पाहिलेले नाही अशी माणसे शंभर, पाचशे, हजार रुपये पाठवतात. इंग्रजीतून आलेला क्राउडफंडिंग हा शब्द त्यासाठी रूढ झाला असला, तरी लोकवर्गणी या आपल्या शब्दात तो सारा अर्थ आहे.

या लोकवर्गणीने अनेकांचे प्राण वाचवले आहेत, यात शंका नाही. मात्र ती कशी चालते, तिच्यातील पैसा कोणाच्या हातून जातो, ती कोणाला पावते आणि कोणाकडे पाठ फिरवते, याची माहिती ना रुग्णाच्या घरच्यांना असते ना दात्याला. इस्पितळाने आठ-दहा लाखांचा अंदाज हातात ठेवला, की बावरलेले कुटुंब समोर दिसेल तो मार्ग धरते. पुष्कळदा त्याच शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजना असते. पण ती कळेपर्यंत कर्ज काढून झालेले असते. म्हणून हा सारा व्यवहार एकदा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

एका बसमधील हाक

शस्त्रक्रियेच्या लोकवर्गणीचा आजचा आराखडा घडवण्यात ‘वॉत्सी’ या अमेरिकी संस्थेचा मोठा वाटा आहे. चेस ॲडम हा अमेरिकी तरुण पीस कोअर या स्वयंसेवी उपक्रमातून मध्य अमेरिकेतील कोस्टारिकात काम करीत होता. वॉत्सी नावाच्या गावातून जाणाऱ्या बसमध्ये एक स्त्री आपल्या मुलाच्या उपचारांसाठी प्रवाशांकडे पैसे मागत होती. तिच्या हाती मुलाच्या वैद्यकीय कागदपत्रांची फाइल होती. ती फाइल पाहिल्यावर प्रवाशांनी खिशात हात घातले, ही गोष्ट ॲडमच्या मनात राहिली. २०१२ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह त्याच गावाचे नाव देऊन संस्था सुरू केली. वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांना पाठबळ देणाऱ्या प्रसिद्ध संस्थेने २०१३ मध्ये तिला प्रवेश दिला. नफ्यासाठी न चालणारी संस्था तेथे घेतली जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

या संस्थेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. रुग्ण स्वतः अर्ज करून आपली कहाणी मांडत नसे. त्या त्या देशातील विश्वासू इस्पितळे रुग्ण निवडत. या शस्त्रक्रियेने त्याच्या आयुष्यात निश्चित फरक पडेल काय, खर्च ठरलेला आहे काय आणि कुटुंबाला तो खरोखरच पेलवणारा नाही काय, हे डॉक्टर पाहत. सुरुवातीच्या काळात खर्चाची मर्यादा १,५०० डॉलर होती. पाच डॉलरपासून देणगी देता येई आणि ती पूर्णच्या पूर्ण उपचारांवर खर्च होई; कार्यालयाचा खर्च संस्था वेगळ्या देणग्यांतून भागवी. कोणत्या इस्पितळाला किती पैसे गेले, याची नोंद कोणालाही पाहता येईल अशी खुली ठेवलेली असे.

या रचनेत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, रुग्णाची गरज डॉक्टर ठरवतो. दुसरी, पैसा रुग्णाच्या वा मध्यस्थाच्या हाती न जाता थेट इस्पितळात जातो. लोकवर्गणीची कोणतीही मोहीम पारखायची, तर हेच दोन निकष हाती धरावेत.

भारतातील गरज किती मोठी

भारतात मिलाप (२०१०), केटो (२०१२) आणि इम्पॅक्ट गुरू (२०१४) हे मंच या क्षेत्रात आघाडीवर आले. शिक्षण, आपत्ती, प्राण्यांची सेवा अशा अनेक कारणांसाठी येथे निधी जमवला जातो. तथापि सर्वाधिक ठळकपणे दिसतात त्या वैद्यकीय मोहिमाच. त्याचे कारण आपल्या आरोग्यखर्चाच्या रचनेत आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार लोकांच्या खिशावर पडत होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरीही आरोग्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये कुटुंबेच मोजतात.

हा पैसा येतो कोठून? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीने (२०१७-१८) त्याचे उत्तर दिले आहे. इस्पितळात भरती व्हावे लागलेल्या ग्रामीण कुटुंबांनी सुमारे ८० टक्के वेळा मिळकत वा बचत आणि सुमारे १३ टक्के वेळा कर्ज हाच मुख्य आधार असल्याचे सांगितले. शहरांत कर्जाचे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. बचत संपली आणि कर्ज मिळेनासे झाले, की उरतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि परक्यांचा आधार. लोकवर्गणीचा दुवा या शेवटच्या टप्प्यावर जन्माला येतो.

दहा हातांतून जाणारा रुपया

मोहीम सुरू करताना मंच सामान्यतः रुग्णाचे ओळखपत्र, निदानाचे अहवाल आणि इस्पितळाचे खर्चाचे लेखी अंदाजपत्रक मागतात. त्यानंतर कहाणी लिहिली जाते, छायाचित्र वा चित्रफीत जोडली जाते आणि दुवा तयार होतो. जमलेली रक्कम इस्पितळाच्या खात्यात थेट वर्ग करता येते किंवा बिले दाखवून कुटुंबाच्या खात्यात घेता येते. पहिला मार्ग केव्हाही श्रेयस्कर. त्यात दात्याचा विश्वास टिकतो आणि कुटुंबामागे पुढे हिशेबाचे लचांड लागत नाही.

मंच स्वतः कसा चालतो, हेही विचारून घ्यावे. काही मंच जमलेल्या रकमेवर ठरावीक टक्केवारी घेतात. समजा, पाच लाख रुपये जमले आणि शुल्क पाच टक्के असले, तर २५,००० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के दराने ४,५०० रुपये जीएसटी, असे २९,५०० रुपये कापले जातील. कार्ड वा नेट बँकिंगच्या व्यवहाराचा आकार आणखी वेगळा. काही मंच शुल्क शून्य असल्याचे जाहीर करतात आणि त्याऐवजी दात्याकडून ‘टिप’ मागतात. देणगीची रक्कम भरताना ही टिप बऱ्याचदा आधीच निवडून ठेवलेली असते. ती ऐच्छिक असते व शून्यावर आणता येते, हे घाईत पैसे भरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपण हजार रुपये रुग्णाला दिले, असे समजणाऱ्याच्या खात्यातून प्रत्यक्षात अकराशे गेलेले असतात.

समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या जाहिराती हा तिसरा खर्च. मोहीम दूरवर पोहोचवायची, तर जाहिरातीवर पैसा घालावा लागतो आणि काही वेळा तो जमलेल्या निधीतूनच वळता होतो. करारपत्रात याची अट आहे काय, असल्यास तिला मर्यादा किती, हे सही करण्यापूर्वी वाचणे अत्यावश्यक आहे. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना करारपत्र वाचण्याची मनःस्थिती कोणाचीच नसते. म्हणून हे काम घरातील सर्वांत जवळच्या माणसाने अंगावर न घेता एखाद्या शांत डोक्याच्या नातलगाकडे वा शेजाऱ्याकडे सोपवावे.

कहाणी चांगली, मदत चांगली

लोकवर्गणीत मदत गरजेच्या प्रमाणात मिळत नाही. ती दिसण्याच्या प्रमाणात मिळते. अमेरिकेतील गोफंडमी या मंचावरील २०१६ ते २०२० या काळातील चार लाखांहून अधिक वैद्यकीय मोहिमांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ठरवलेले उद्दिष्ट गाठणाऱ्या मोहिमा जेमतेम १२ टक्के निघाल्या. सुमारे १६ टक्के मोहिमांना तर एकही देणगी मिळाली नव्हती. जेथे आरोग्यविमा नसलेल्यांचे आणि उपचारांच्या कर्जाखाली दबलेल्यांचे प्रमाण अधिक, तेथून मदतीच्या हाका अधिक उठत होत्या आणि पैसा मात्र तेथेच कमी जमत होता.

भारतातील परिस्थिती वेगळी असली, तरी या निष्कर्षामागील कारण येथेही ओळखीचे वाटेल. पहिल्या काही देणग्या नेहमी ओळखीच्या माणसांकडून येतात. त्या आकड्याकडे पाहून परका माणूस विश्वास ठेवतो. ज्याचे भाऊबंद आखातात वा युरोपात नोकरीला आहेत, ज्याच्या मुलीचे सहकारी संगणक कंपन्यांत आहेत, त्याची मोहीम पहिल्याच आठवड्यात उभी राहते. सत्तरीच्या डोंगराळ भागातील काजू बागायतीत राबणारा मजूर, सांगे तालुक्यातील एकटी राहणारी विधवा किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा स्थलांतरित कामगार यांच्या मोबाइलमधील सारी नावे त्यांच्याइतकीच गरीब असतात. त्यांची हाक त्याच वर्तुळात फिरत राहते.

आजाराचे स्वरूपही मदतीवर परिणाम करते. लहान मूल, एकच शस्त्रक्रिया आणि त्यानंतर बरे होण्याची ठोस आशा, अशी कहाणी दात्याच्या मनाला भिडते. साठीतील मूत्रपिंडाचा रुग्ण, मनोविकार, दारूमुळे खराब झालेले यकृत यांच्याविषयी तीच सहानुभूती उपजत नाही. वेदना सारखीच असली, तरी कहाणी सारखी रंगत नाही. या दबावाखाली कहाणी गडद केली जाते, नळ्या लावलेल्या बालकांची छायाचित्रे पसरवली जातात. भारतीय जाहिरात मानक परिषदेने सेवाभावी कारणांच्या जाहिरातींसाठी घालून दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांत, मदत न करणाऱ्याला अपराधी वाटायला लावणे आणि पीडितांचे विदारक चित्रण करणे यांना आक्षेप घेतलेला आहे. महाजालावर एकदा गेलेले छायाचित्र परत घेता येत नाही, हेही कुटुंबाने ध्यानात ठेवावे. बरे झालेले मूल उद्या मोठे होणार असते आणि त्याच्या नावाने शोध घेणाऱ्याला त्याचा आजारच प्रथम दिसणार असतो.

दुर्मीळ आजारांनी हा प्रश्न टोकाला नेला. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या जनुकीय आजारावरील एका औषधाची किंमत सुमारे १६ कोटी रुपये आहे. २०२१ मध्ये मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी एवढी रक्कम लोकवर्गणीतून जमली आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचे आयात शुल्क व जीएसटी माफ केला. देशभर त्या यशाचे कौतुक झाले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात केंद्राने लोकवर्गणीसाठी स्वतःचे संकेतस्थळ उभारण्याची तरतूद केली; पुढे, २०२२ मध्ये, निवडक केंद्रांतील उपचारांसाठी मदतीची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. सरकारनेच देणगीदारांपुढे झोळी धरावी काय, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र चित्र अधिक आशादायक आहे, कारण बहुतेक शस्त्रक्रियांचा खर्च लाखांत असतो आणि त्यांच्यासाठी सरकारी व सेवाभावी वाटा आधीच घालून दिलेल्या आहेत.

दुवा तयार करण्यापूर्वी

गोव्यातील रुग्णाने सर्वप्रथम बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे गोमेकॉचा, विचार करावा. १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारी ही संस्था आज अतिविशेष उपचारही देते. खासगी इस्पितळाने लाखोंचा अंदाज दिलेली शस्त्रक्रिया गोमेकॉत होते काय, हे त्या विभागात जाऊन विचारल्याखेरीज एक रुपयाही गोळा करू नये.

दुसरी पायरी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. २०१६ पासून सुरू असलेल्या या योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार वा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. गोव्यात किमान पाच वर्षांचे वास्तव्य ही तिची मुख्य अट. यादीतील उपचार, संलग्न इस्पितळे आणि ठरलेले दर यांच्या चौकटीतच ती चालते. म्हणून इस्पितळ निवडण्यापूर्वीच कार्डाचे नूतनीकरण झाले आहे काय, हे पाहावे.

तिसरी पायरी आरोग्य सेवा संचालनालयाच्या मेडिक्लेम योजनेची. गोमेकॉत उपलब्ध नसलेल्या उपचारांसाठी ती आहे. गोमेकॉतील सोयीअभावी रुग्णाला बाहेर पाठवावे लागत असल्याचा निर्वाळा हा तिचा पाया होय. कुटुंबाने परस्पर मुंबई वा बेळगाव गाठले, शस्त्रक्रिया उरकली आणि नंतर बिल घेऊन कार्यालयाची पायरी चढली, तर मार्ग बिकट होतो. वास्तव्याचा व उत्पन्नाचा दाखला लागतो. तो मामलेदार कार्यालयातून वेळेत काढून ठेवणे हे घरातील एका माणसाचे काम आधीच ठरवून द्यावे.

याखेरीज आयुष्मान भारत योजना आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, तिचा लाभ घेता येतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण, कर्करोग अशा उपचारांसाठी अंशतः साहाय्य मिळू शकते. रक्कम थेट इस्पितळाला जाते आणि त्यासाठी इस्पितळाचे अंदाजपत्रक जोडून अर्ज करावा लागतो.

बालकांच्या बाबतीत तर लोकवर्गणी पुष्कळदा अनावश्यक ठरते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ वा टाळू, वाकडी पावले अशा व्यंगांचा समावेश आहे. शाळा-अंगणवाड्यांतील तपासणीतून निघालेल्या बालकांवर शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार मोफत होतात. दुभंगलेल्या ओठांवरील शस्त्रक्रिया स्माइल ट्रेन या संस्थेच्या साहाय्याने देशातील अनेक इस्पितळांत विनामूल्य केल्या जातात. नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी केंद्रात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्णतः विनाशुल्क होतात. तेथे बिल देण्याची खिडकीच नाही. जन्मजात बहिऱ्या बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या ॲडिप योजनेत तरतूद आहे, मात्र त्यात वयाची अट असल्याने विलंब परवडत नाही.

सीमेपलीकडील शेजाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. सिंधुदुर्गातील रुग्ण कित्येक पिढ्या बांबोळीला येत आले; जानेवारी २०१८ पासून परराज्यांतील रुग्णांना गोमेकॉत शुल्क आकारले जाऊ लागले. त्यांनी महाराष्ट्राच्या महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेची पात्रता आधी तपासावी. मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्यांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांच्या मोठ्या इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे, तसेच बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकणे बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने ही योजना अमलात आली. इस्पितळातील वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्याला भेटल्याशिवाय बिलाची पहिली रक्कम भरू नये, हा अनुभवी लोकांचा सल्ला यासाठीच असतो.

या साऱ्या वाटा चालून झाल्यावर जी तूट उरते, तीच लोकवर्गणीचे खरे उद्दिष्ट. उदाहरण म्हणून नऊ लाखांचे अंदाजपत्रक घ्यावे. योजनेतून चार लाख मंजूर झाले, कुटुंबाने दीड लाख उभे केले आणि एका निधीतून एक लाख मिळाले, तर उरतात अडीच लाख. नऊ लाखांच्या हाकेपेक्षा अडीच लाखांची हाक पूर्ण होण्याचा संभव कितीतरी अधिक. शिवाय बाकीचे साडेसहा लाख कोठून आले, हे स्पष्टपणे लिहिलेले पाहून दात्याचा विश्वासही वाढतो.

शस्त्रक्रियेनंतरचा खर्च मात्र या हिशेबातून सुटू नये. मूत्रपिंड वा यकृत प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठीची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. परगावी रुग्णासोबत राहणाऱ्याचा मुक्काम, बुडालेली मजुरी, दर महिन्याच्या तपासण्या यांची गणना इस्पितळाच्या अंदाजपत्रकात नसते. एकदाच्या शस्त्रक्रियेला धावून येणारे दाते तिसऱ्या वर्षीच्या औषधाला येत नाहीत.

कायदा आणि कर

देणगीवर आधारलेल्या लोकवर्गणीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. सेबीने २०१४ मध्ये लोकनिधीविषयी चर्चापत्र काढले, परंतु त्याचा रोख गुंतवणुकीवर होता, दानावर नव्हता. त्यामुळे हा व्यवहार करार, प्राप्तिकर, परकीय योगदान आणि फसवणूक यांविषयीच्या सर्वसाधारण कायद्यांच्या आधारे चालतो.

दात्याला करसवलत हवी असेल, तर देणगी ८०-जी नोंदणी असलेल्या न्यासाला दिलेली असावी लागते. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात थेट पाठवलेल्या पैशांवर ती मिळत नाही. घेणाऱ्यासाठीही नियम आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम वैयक्तिक खात्यात आली, तर तिला भेटींवरील कराच्या तरतुदी लागू होऊ शकतात. कोविडच्या उपचारांसाठी मिळालेल्या मदतीला संसदेने खास सूट दिली होती. इतर आजारांसाठी तशी सरसकट सूट नाही. पैसा थेट इस्पितळात वा नोंदणीकृत न्यासामार्फत जावा, असे म्हणण्यामागे हेही कारण आहे.

गोव्यापुरता एक मुद्दा विशेष महत्त्वाचा. येथील हजारो लोक पोर्तुगीज पारपत्र घेऊन युरोपात स्थायिक झाले आहेत आणि गावातील आजारी माणसासाठी त्यांचा हात नेहमी सैल असतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय योगदान मानला जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीचा पैसा मात्र, तिच्याजवळ ओसीआय कार्ड असले तरी, २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली परकीयच ठरतो. गावातील मंडळ वा न्यास या कायद्याखाली नोंदलेला नसेल, तर त्याने अशी रक्कम स्वीकारणे नियमबाह्य ठरते. चांगल्या हेतूने पाठवलेल्या पैशाने मंडळ अडचणीत येऊ नये, यासाठी अशा दात्यांनी नोंदणीकृत संस्थेची वाट धरावी.

दात्याने काय पाहावे

दात्याला शंका येणे स्वाभाविक आहे आणि ती विचारण्यात अनुदारपणा नाही. इस्पितळाचे नाव व रुग्णाचा नोंदणी क्रमांक दिलेला आहे काय? अंदाजपत्रकावर तारीख आणि सही आहे काय? रक्कम कोणाच्या खात्यात जाणार? शंका वाटल्यास इस्पितळाच्या बिल विभागाला दूरध्वनी करून अशा रुग्णासाठी खाते आहे काय, एवढे विचारता येते. जुन्या मोहिमेचे छायाचित्र उचलून त्याखाली दुसऱ्याच खात्याचा क्यूआर कोड चिकटवण्याचे प्रकार होतात. म्हणून पुढे ढकलत आलेल्या चित्रावरील कोडवर पैसे पाठवू नयेत, मूळ दुवा उघडून पाहावा. उद्दिष्ट पूर्ण झाल्यावर वा रुग्ण दगावल्यास उरलेल्या पैशाचे काय होणार, हे मोहिमेवर आधीच लिहिलेले असावे. त्याचे उत्तर कुटुंबाने शोकाच्या घडीला शोधत बसावे, ही अपेक्षा अमानुष आहे.

गावाने काय करावे

लोकवर्गणीतील विषमतेवर सरकारी योजना अधिक व्यापक करणे हा दीर्घ पल्ल्याचा उपाय. तोवर गावपातळीवर करण्याजोगे पुष्कळ आहे. ज्याला दुवा तयार करता येत नाही, अर्ज इंग्रजीत भरता येत नाही, ज्याचे परदेशात कोणी नाही, त्याच्या वतीने हे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. पंचायत, देवस्थान समिती, ग्रंथालय, क्रीडा मंडळ यांपैकी एखाद्या संस्थेने दोन-तीन जाणत्या माणसांवर एवढीच जबाबदारी सोपवावी: योजनांची कागदपत्रे पुरी करून देणे, गोमेकॉतील डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रियेची निकड समजून घेणे आणि तूट राहिली, तर सर्वांच्या वतीने ती मागणे. एका घराची हाक तिच्या भाऊबंदांपुरती जाते. मंडळाच्या नावाने केलेली मागणी साऱ्या गावाच्या ओळखीपर्यंत पोहोचते.

अशा समितीला कहाणी रंगवावी लागत नाही. आज निकड कोणाची आहे, एवढे डॉक्टरांना विचारायचे आणि त्या क्रमाने मदत द्यायची. नाटकाच्या प्रयोगाचे उत्पन्न गावातील आजारी माणसाला देणाऱ्या मंडळांना यात नवे काही शिकायचे नाही. पावतीपुस्तकाच्या जोडीला आता मोबाइल आला आहे. कोणाच्या दारी आधी जायचे, हे पूर्वीप्रमाणे आजही माणसांनीच ठरवायचे आहे.